राष्ट्रीय उद्यानासाठी स्वयंसेवी संस्था काढायची आहे: काम नेमके कोणते घ्यावे?

उत्तरवाट
नमस्कार मंडळी. बोरिवली आणि दहिसर परिसरातील आम्ही काही जण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मदतीसाठी नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था काढण्याचा विचार करत आहोत. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल, त्यातले तुळशी आणि विहार हे दोन तलाव, कान्हेरीची लेणी आणि महानगराला खेटून राहणारे बिबटे, असे वैभव दुसऱ्या कोणत्या शहराच्या वाट्याला आले असेल असे वाटत नाही. आम्ही वर्षानुवर्षे सकाळी तेथे फिरायला जातो आणि त्या जागेचे आपण काही देणे लागतो, ही भावना सर्वांच्या मनात आहे.

प्राथमिक बैठकीत चार कामे सुचवली गेली: दर रविवारी प्लास्टिकचा कचरा वेचणे, पावसाळ्यात वृक्षारोपण, शाळांच्या मुलांसाठी निसर्गफेऱ्या आणि वनरक्षकांना साहित्याची मदत. माझे प्रश्न असे आहेत. सोसायटी, विश्वस्त न्यास आणि कंपनी यांपैकी नोंदणी कोणत्या स्वरूपात करावी? वनविभागाशी संबंध कसे असावेत? आणि या चारांपैकी कोणत्या कामाचा उद्यानाला खरोखर उपयोग होईल? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निशिगंधा
फार चांगला विचार आहे. मी कांदिवलीत राहते. संस्था उभी राहिली तर सभासद म्हणून माझे नाव आजच लिहून घ्या.

माळरान
मी वनखात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. राग मानू नये. वृक्षारोपणाचा विषय यादीतून काढून टाका. राष्ट्रीय उद्यानातले जंगल आपल्या बियांवर आणि फुटव्यांवर वाढते. त्याला आग, चराई आणि कुऱ्हाड यांपासून संरक्षण मिळाले की पुष्कळ झाले. जी मोकळी जागा आपल्याला उजाड वाटते ती बहुधा चितळांचे कुरण असते. तेथे रोपवाटिकेतून आणलेली झाडे लावणे म्हणजे चितळांच्या तोंडचा चारा काढून घेणे होय.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३५ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून कोणतेही वनोपज परवान्याशिवाय नष्ट करता येत नाही किंवा बाहेर नेता येत नाही, आणि अभयारण्यातील प्रवेशावर कलम २७ व २८ ची जी बंधने आहेत ती राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतात. घाणेरीचे (लँटाना, जंगलात माजणारे परदेशी तण) झुडूप उपटायचे असले तरी ते खात्याच्या व्यवस्थापन आराखड्यात बसले पाहिजे आणि खात्याच्या माणसाच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे. सेवाभाव कितीही शुद्ध असला तरी त्यामुळे परवानगीची गरज संपत नाही. पुष्कळ उत्साही मंडळी नेमकी येथे खात्याशी भांडून बसतात आणि मग दोन्ही बाजूंची मने कायमची दुखावतात.

उत्तरवाट
माळरानजी, राग कशाला? असेच स्पष्ट उत्तर हवे होते. मग घाणेरी काढण्याचे काम स्वयंसेवकांना देता येण्यासारखे आहे का?

माळरान
आहे, पण ते एका रविवारचे काम नव्हे. घाणेरी वरून छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते. जमिनीच्या लगत, खोड आणि मूळ जेथे जुळतात त्याच्या थोडे खाली कुदळीने तोडावे लागते, आणि तोडलेले झुडूप मुळे वर करून उलटे ठेवावे लागते, म्हणजे ते मातीला पुन्हा धरत नाही. हे सगळे फळे पिकण्याच्या आत व्हायला हवे, कारण पक्षी ती फळे खातात आणि बी लांबवर टाकतात. साफ केलेल्या तुकड्यावर पुढची काही वर्षे पावसाळ्यानंतर परत जाऊन नवी रोपे काढली नाहीत, तर आधीची मेहनत वाया जाते. तुमच्या संस्थेने एखाद्याच नियतक्षेत्रातला (एका वनरक्षकाच्या ताब्यातल्या भागातला) लहानसा तुकडा मागून घ्यावा आणि तो सोडू नये. वनरक्षकाला अशा माणसांचा खरा आधार वाटतो.

ताळेबंद
नोंदणीविषयी लिहितो, कारण माझा व्यवसायच हिशेब तपासण्याचा आहे.

सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवली जाते, म्हणजे दोन्ही कायदे पाळावे लागतात. नुसता न्यास काढला तर कमी माणसांत भागते. परंतु सर्वसाधारण सभा, निवडणूक आणि सभासदत्व या गोष्टी हव्या असतील तर सोसायटीच बरी. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनीचा कायदेशीर पूर्ततांचा खर्च सुरुवातीच्या लहान संस्थेला झेपत नाही.

नोंदणीनंतरची शिस्त अधिक महत्त्वाची आहे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची सूचना) दाखल करावा लागतो. तो वर्षानुवर्षे न दिल्यामुळे, जुने विश्वस्त कागदावर आणि नवे विश्वस्त मैदानावर, अशी अवस्था झालेल्या संस्था मी पाहत आलो आहे. प्राप्तिकराच्या १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) साठी नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर देणगीदाराला ८०जी ची सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना ती मुळीच मिळत नाही, हे देणगी मागताना प्रामाणिकपणे सांगावे.

आणखी एक. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी पहिल्या दिवसापासून मिळेल अशी अपेक्षा धरू नका. त्यासाठी संस्थेला त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तोपर्यंत सभासदांच्या वर्गणीवर चालेल एवढेच काम अंगावर घ्यावे.

रानवारा
माझे मत थोडे वेगळे आहे. आणखी एक संस्था कशासाठी? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून काम करते आहे आणि गोरेगावला उद्यानाच्या कडेलाच तिचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. २०११ साली उद्यान प्रशासनाने अभ्यासक आणि नागरिक यांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू केला आणि त्याने बिबट्यांविषयीची भीती कमी करण्याचे मोठे काम केले. ज्यांना काम करायचे आहे त्यांनी आहे त्या ठिकाणी जाऊन करावे. सात पदाधिकारी, लेटरहेड आणि वार्षिक अहवाल यांत जी शक्ती खर्च होते ती जंगलाला मिळत नाही.

निशिगंधा
रानवारा, तुमचा मुद्दा पटतो, पण पूर्ण नाही. मोठ्या संस्थांकडे संशोधन आणि शिक्षण असते. आमच्या इमारतीमागच्या नाल्यात रोज रात्री हॉटेलांचा ओला कचरा पडतो, त्याचा पाठपुरावा पालिकेच्या वॉर्डात कोण करणार? त्यासाठी तेथेच राहणारी, आठवड्यातून दोनदा कार्यालयात जाऊन बसणारी माणसेच लागतात.

पाऊलखुणा
निशिगंधाताईंनी मुख्य मुद्द्याला हात घातला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

उद्यानाच्या कडेला कचरा साचला की भटकी कुत्री वाढतात. मुंबईतल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासांतून पुढे आले आहे. कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीच्या तोंडाशी येतो, आणि त्याच अंधारात उघड्यावर शौचाला बसलेले मूल त्याच्या नजरेस पडले तर दुर्घटना घडते. २००४ च्या जूनमध्ये हल्ल्यांची जी भयंकर मालिका घडली, तिच्यानंतर पिंजरे लावून बिबटे पकडण्यावर भर होता. परंतु वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी जुन्नर परिसरातील बिबट्यांचा जो अभ्यास केला, त्यातून दिसले की पकडलेला बिबट्या दुसऱ्या जंगलात नेऊन सोडला तर तेथे माणसांवरचे हल्ले वाढतात. पकडणे आणि नेऊन सोडणे हा उपायच नव्हे, ही जाणीव त्यानंतर हळूहळू रुजली.

मग उपाय कोणते? कचऱ्याचे डबे वेळेवर उचलले जाणे, वस्तीत शौचालये असणे, रस्त्यावर दिवे असणे, संध्याकाळनंतर लहान मुलांनी एकटे बाहेर न पडणे. यातला एकही उपाय उद्यानाच्या आत करायचा नाही आणि यातले एकही काम वनविभागाच्या अखत्यारीत नाही. वनरक्षक पालिकेच्या कंत्राटदाराला जाब विचारू शकत नाही. नागरिकांची संस्था विचारू शकते. उत्तरवाट यांनी आपल्या चार कामांच्या यादीत नसलेले हे पाचवे काम पहिल्या क्रमांकावर घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

कोलसा_बफर
मी चंद्रपूर जिल्ह्यातला. ताडोबा हे राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. आमच्याकडे परिस्थिती वेगळी आहे, कारण व्याघ्र प्रकल्पांसाठी कायद्याच्या कलम ३८एक्स खाली प्रतिष्ठान असते आणि पर्यटनाचे उत्पन्न त्याच्यामार्फत त्याच जंगलासाठी आणि भोवतालच्या गावांसाठी वापरता येते. त्यामुळे पैशाची चणचण हा आमचा मुख्य प्रश्न नाही. आमचा प्रश्न शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेचा आहे. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतकरी तारेत वीज सोडतो आणि त्यात वाघ मरतो. कधी शेजारचा माणूसही मरतो. तेथे शहरातून आलेल्या मंडळींनी भाषण देऊन काही होत नाही. रात्री जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या मचाणावर बसून त्याचे म्हणणे ऐकणारा माणूस लागतो.

साहित्य देण्याविषयी एक अनुभव सांगतो. एका उदार गटाने जंगलातल्या पाणवठ्याला सौर पंप दिला. उद्घाटन झाले, फलक लागला. पुढच्या उन्हाळ्यात मी पाहिले तेव्हा पॅनेलवर धुळीचा जाड थर होता, माकडांनी वायर तोडली होती आणि पाणवठ्याच्या तळाची माती भेगाळली होती. फलकाचा रंग मात्र शाबूत होता. पॅनेल पुसण्यासाठी आणि वायर जोडण्यासाठी वर्षाला जे थोडे पैसे आणि एक माणूस लागतो, त्याची तरतूद कोणीच केली नव्हती. तुमच्या संस्थेने वस्तू देताना तिच्या देखभालीची जबाबदारी लेखी घ्यावी, नाहीतर ती वस्तू देऊच नये.

माळरान
कोलसा_बफर यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. त्याला जोडून सांगतो, वनरक्षकाला काय हवे ते त्यालाच विचारावे. संरक्षण कुटीवर (जंगलातल्या चौकीवर) पिण्याच्या पाण्याचा फिल्टर, वॉकीटॉकीची बॅटरी चार्ज करण्यापुरता सौर दिवा, पायाच्या मापाचे बूट आणि पावसाळ्यात न फाटणारा रेनकोट, एवढ्यावर त्याचे जगणे पुष्कळ सुसह्य होते. मापे न विचारता एकाच आकाराच्या बुटांची खोकी आली की ती कोपऱ्यात पडून राहतात.

चार्ल्सकाठ
मी अनेक वर्षे अमेरिकेत बॉस्टनजवळ राहतो. मेन राज्यातील अकेडिया राष्ट्रीय उद्यानासाठी १९८६ पासून ‘फ्रेंड्स ऑफ अकेडिया’ ही नागरिकांची संस्था काम करते. जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी तेथे घोडागाड्यांसाठी दगडी पुलांसह सुमारे ४५ मैलांचे रस्ते बांधवून घेतले होते, ते पुढे मोडकळीस आले. संस्थेने त्यांच्या देखभालीसाठी कायमस्वरूपी निधी उभा केला आणि सरकारने दुरुस्तीचा खर्च उचलला. स्वयंसेवक त्या रस्त्यांच्या कडेच्या चरांतली पाने उपसतात, पायवाटांवर वाढलेली झुडपे छाटतात. काम साधे असते. पण उद्यानाचा कर्मचारी बरोबर असतो, अवजारे उद्यानाची असतात आणि काम कोठे करायचे हे उद्यानच ठरवते. १९७० पासून तेथे राष्ट्रीय उद्यानांत स्वयंसेवक घेण्यासाठी स्वतंत्र कायदाच आहे. आपल्याकडे तसा कायदा नसला, तरी उद्यान प्रशासनाशी लेखी सामंजस्य करार करून त्यात हेच मुद्दे घालता येतील.

वर्गापलीकडे
चार्ल्सकाठ यांनी दिलेले उदाहरण उपयुक्त आहे. मात्र एक फरक विसरून चालणार नाही. आपल्या उद्यानात माणसे राहतात. मी शिक्षिका आहे आणि माझ्या वर्गात बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यांवरची मुले येतात. वारली, कोकणा आणि मल्हार कोळी कुटुंबे उद्यान होण्याच्या आधीपासून तेथे आहेत. शहरातल्या मंडळींची ‘जंगल वाचवा’ संस्था म्हटले की त्यांच्या मनात पहिली शंका येते ती आपल्याला बाहेर काढण्याची. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातली अतिक्रमणे हटवली गेली, त्याच्या आठवणी पाड्यांवर अजून ताज्या आहेत.

तुमच्या निसर्गफेऱ्यांचे नेतृत्व या पाड्यांवरच्या तरुणांना द्या आणि त्यांना योग्य मानधन द्या. माझ्या वर्गातली सहावीतली एक मुलगी पावसाळ्यातल्या रानभाज्या पानाच्या कडेवरून आणि देठाच्या रंगावरून ओळखते. कोणती कोवळी खायची आणि कोणती उकळून पाणी टाकून द्यायची, हे ती मला समजावून सांगते. शहरातल्या मुलांना जंगल दाखवायला तिच्या घरच्या माणसांपेक्षा योग्य कोण असेल? तुमच्या सात संस्थापक सभासदांत पाड्यांवरचे किमान दोघे असावेत, सल्लागार म्हणून नव्हे तर मताधिकारासह.

उत्तरवाट
ताई, हा मुद्दा आमच्या बैठकीत निघालाच नव्हता. तो मी पुढच्या बैठकीत सर्वांत आधी मांडतो.

वारणाकाठ
चांदोलीच्या बाजूने चार शब्द. आमचे राष्ट्रीय उद्यान २००४ साली झाले आणि २०१० पासून ते कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्यासाठी उठलेल्या गावांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रखडले, म्हणून येथे ‘उद्यान’ हा शब्द कानावर पडताच लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. आम्ही काही जणांनी संस्था वगैरे न काढता एकच काम धरले आहे: गव्याने पीक तुडवले किंवा बिबट्याने जनावर मारले की शेतकऱ्याबरोबर जाऊन भरपाईचा अर्ज करून देणे. मेलेले जनावर जागेवरून हलवू नये, फोटो लगेच काढावेत, ठरावीक मुदतीत वनरक्षकाला कळवावे, पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून पाहावा आणि सातबारा जोडावा, हे रागाच्या भरात शेतकऱ्याच्या लक्षात राहत नाही. अर्ज फेटाळला गेला किंवा पैसे यायला फार उशीर झाला, तर पुढच्या वेळी तोच माणूस मेलेल्या जनावरावर विष टाकतो. भरपाई वेळेवर मिळाली म्हणून किती बिबटे वाचले हे कोणी मोजत नाही. पण आमच्या दृष्टीने हेच वन्यजीवांचे संरक्षण आहे.

रानवारा
वारणाकाठ, आपल्याला मनापासून नमस्कार. असे काम करणारी संस्था निघणार असेल तर माझा विरोध मी मागे घेतो. एक अट मात्र सुचवतो. सभासदांना उद्यानात मोफत प्रवेश, बंद क्षेत्रात छायाचित्रण किंवा रात्रीची फेरी यांपैकी कोणतीही सवलत संस्थेने मागू नये आणि कोणी देऊ केली तरी घेऊ नये, हे घटनेतच लिहून ठेवा. सवलत सुरू झाली की सभासदसंख्या वाढते आणि काम करणारी माणसे कमी होतात. मानद वन्यजीव रक्षक व्हायचे असेल तर त्याची कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. त्यासाठी संस्थेची शिडी नको.

पाऊलखुणा
अनुमोदन. शिवाय छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकताना बिबट्या नेमका कोठे दिसला ते लिहू नये, असा नियमही करावा.

ताळेबंद
स्वयंसेवकांचा अपघात विमा विसरू नका. हप्ता फार नसतो, आणि एखाद्याला साप चावला किंवा कोणी दरीत घसरले तर त्या कुटुंबासमोर उभे राहण्याची संस्थेची तयारी असली पाहिजे.

उत्तरवाट
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल बैठक झाली आणि तीत वृक्षारोपण पूर्णपणे वगळले. रविवारची स्वच्छता उद्यानाच्या आत न करता सीमेलगतच्या दोन वस्त्यांत करायची, आणि तिच्याबरोबर पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात कचरा, दिवे आणि शौचालये यांचा लेखी पाठपुरावा करायचा, असे ठरले. निशिगंधाताईंनी ती जबाबदारी स्वीकारली आहे. महाशिवरात्रीला कान्हेरीला जी गर्दी होते त्या दिवशी प्रवेशद्वारावर प्लास्टिक अडवण्यासाठी माणसे देण्याची तयारीही प्रशासनाला कळवणार आहोत. घाणेरीसाठी एक तुकडा मागणारे पत्र माळरानजींनी तपासून द्यावे, ही विनंती. पाड्यांवरच्या तिघांशी बोलणे झाले. दोघे संस्थापक सभासद व्हायला तयार आहेत. तिसऱ्यांनी आधी वर्षभर तुमचे काम पाहतो असे सांगितले, आणि ते आम्हाला योग्यच वाटले. सवलती न घेण्याचे कलम एकमताने मंजूर झाले.

एकच प्रश्न उरला आहे. संस्थेच्या नावात ‘संजय गांधी राष्ट्रीय उद्यान’ हे शब्द घालता येतील का?

ताळेबंद
टाळावे. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० खाली सरकारी आश्रय सुचवणाऱ्या नावांना मनाई आहे, त्यामुळे अशा नावावर नोंदणी कार्यालयात हरकत निघू शकते. आणि देणगीदाराचाही आपण शासनाला पैसे देत आहोत असा गैरसमज होतो. परिसराचे किंवा नदीचे नाव घ्या. दहिसर नदी तुळशी तलावाकडूनच येते आणि तुमच्या वस्त्यांजवळून जाते. पर्यायी नावे म्हणून आणखी दोन-तीन अर्जात द्या, म्हणजे अर्ज परत येणार नाही.

माळरान
पत्राचा मसुदा पाठवा. अर्जासोबत तुकड्याचा नकाशा, कामाचे महिने आणि दरवेळी येणाऱ्या माणसांची कमाल संख्या जोडा. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत असतो आणि त्या काळात कर्मचारी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) आणि वणवे यांत गुंतलेले असतात, तेव्हा तुमच्या देखरेखीसाठी माणूस मागू नका. पावसाळा ओसरल्यावरचे महिने मागा.